पगार कुठून निघतो ते आधी विचारा : विद्यापीठातल्या नोकऱ्यांविषयी प्रश्नोत्तरे

विद्यापीठाच्या आस्थापना विभागात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. वर्तमानपत्रात विद्यापीठाची जाहिरात दिसली की लोक पदाचं नाव आणि पगार बघतात, मी तळाच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचतो. जागेचं खरं रूप तिथे असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत ती येणार आहे. विद्यापीठात पगाराचे तीन डबे असतात. पहिला शासनाच्या वेतन अनुदानाचा. यातली पदं आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या मंजूर तक्त्यात असतात, बिंदूनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची ती यादी, विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून येते, आणि माणूस एकदा लागला की निवृत्तीपर्यंत राहतो. दुसरा डबा विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीचा. कंत्राटी शिक्षक, मानधनावरचे कर्मचारी, कमवा व शिकाची मुलं यांचे पैसे यातून निघतात. तिसरा डबा संशोधन प्रकल्पाचा. प्रकल्प संपला की तो रिकामा. एकाच इमारतीत, एकाच व्हरांड्यात तिन्ही डब्यांवरची माणसं शेजारी शेजारी बसतात आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. आता प्रश्न घेऊ.

काका, मी शिरूरजवळच्या गावातून पुण्यात एम. ए. करायला आले आहे. घरून महिन्याला जेमतेम मेसचे पैसे येतात. ‘कमवा व शिका’त नाव घालावं म्हणते, पण मैत्रिणी म्हणतात झाडलोट करायला लावतात आणि अभ्यास बुडतो. काय करू?

नाव घाल. झाडलोटीचं म्हणशील, तर बागेतलं काम काहींच्या वाट्याला येतंही आणि त्यात कमीपणा काही नाही. ज्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने तुमच्या विद्यापीठात ही योजना चालते, त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचं बोधवाक्य ठरलं. वसतिगृहातली मुलं राबत आणि शिकत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही विद्यार्थी भवनात राहून, काम करून शिकलेली मुलं पुढे प्राध्यापक आणि अधिकारी झालेली मी पाहिली आहेत.

पण आता बरीचशी कामं ग्रंथालयात, विभागाच्या कार्यालयात, संगणकावर नोंदी करण्याची असतात. मी स्वतः विद्यार्थी असताना ग्रंथालयात होतो. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर घालायची आणि कण्यावरच्या पांढऱ्या चिठ्ठीवरचा आकडा बघून कपाटात लावायची. आमच्याकडे ड्यूईची पद्धत होती : मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३. शेवटचा आकडा वाचायला चुकलो की कादंबरी कवितांत जाऊन बसायची आणि वर्षभर कुणालाही सापडायची नाही. आमच्या ग्रंथपालबाई ते बरोबर पकडायच्या. त्या दीड वर्षात जेवढी पुस्तकं हाताखालून गेली, तेवढी एरवी गेली नसती. म्हणून अर्जात पसंती विचारली तर ग्रंथालय लिही. तिथे निदान पंखा असतो.

आता व्यवहाराचं. अर्ज विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे मिळेल. सोबत उत्पन्नाचा दाखला, फीची पावती आणि बँकेच्या पासबुकाची प्रत लागते. सत्र सुरू झाल्याझाल्या जा, जागा मोजक्या असतात. तासाचा दर विद्यापीठागणिक वेगळा, तो नोटिशीत लिहिलेला असतो. रोजच्या रोज हजेरीपटावर सही कर. महिनाअखेरीला सगळ्या सह्या एकदम ठोकणाऱ्यांचं बिल लेखा विभाग परत पाठवतो आणि मग त्यांचं एकट्याचंच नाही, पूर्ण विभागाचं अडकतं. हे पैसे दुसऱ्या डब्यातले आहेत, त्यामुळे पहिलं बिल निघायला दीड-दोन महिने लागू शकतात. जुलैच्या मेसचा हिशेब त्यावर मांडू नकोस. वर्ष संपल्यावर ज्या विभागात काम केलंस तिथून दाखला मागून घे. तो कुणी आपणहून देत नाही.

मी बीड जिल्ह्यात सात वर्षं सीएचबीवर, म्हणजे घड्याळी तासिकेच्या मानधनावर शिकवतो. वय ३९, नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झाली आहे, पीएच.डी. चालू आहे. दोन जाहिराती समोर आहेत : एका अनुदानित महाविद्यालयात कायम जागा आणि एका विद्यापीठात ‘सहायक प्राध्यापक, कंत्राटी, ११ महिने, एकत्रित मानधन’. सहकारी म्हणतात पीएच.डी. नसेल तर अर्जाची फी वाया घालवू नकोस. खरं आहे का?

सहकाऱ्यांचा नियम जुना झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची केली होती. ती १ जुलै २०२१पासून लागू व्हायची, मग पुढे ढकलली गेली, आणि १ जुलै २०२३पासून पुन्हा नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता राहिली. पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे तुम्ही पात्र आहात. शिक्षकाच्या पदाला वयाची वरची मर्यादाही नाही.

पण पात्र असणं आणि मुलाखतीचं बोलावणं येणं यात छाननीचे गुण उभे असतात. २०१८च्या नियमावलीत दोन तक्ते आहेत, एक विद्यापीठांसाठी आणि एक महाविद्यालयांसाठी. लोक एकच तक्ता पाहून हिशेब करतात आणि फसतात. तुम्ही कळवलेत तसे बी. ए.ला ६२ टक्के, एम. ए.ला ६४ टक्के आणि तीन शोधनिबंध धरून मी मांडणी केली. महाविद्यालयाच्या तक्त्यात पदवीचे १९, पदव्युत्तरचे २३, नेटचे ८, निबंधांचे ६, अनुभवाचे जास्तीत जास्त १०. बेरीज ६६. विद्यापीठाच्या तक्त्यात पदवीचे १३, पदव्युत्तरचे २३, नेटचे ५, निबंधांचे ६, अनुभवाचे १०. बेरीज ५७. पीएच.डी.ला महाविद्यालयात २५ आणि विद्यापीठात ३० गुण. म्हणजे ज्याच्याकडे पीएच.डी. आहे त्याच्याशी विद्यापीठात तुमची गाठ ३० गुणांनी मागून पडते. सहकारी नियम चुकीचा सांगत होते, पण त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती.

अनुभवाच्या १० गुणांबद्दल सावध राहा. तात्पुरत्या किंवा कंत्राटी सेवेचा अनुभव मोजायचा तर नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा मोबदला कमी नसावा, अशी अट त्याच नियमावलीत आहे. घड्याळी तासिकेवर तेवढे पैसे कुणाला मिळतात? छाननी समितीने अट काटेकोर लावली तर तुमचे सात वर्षांचे १० गुण शून्य होतात. मला हे अन्यायाचं वाटतं. आधी कमी पैशांत राबवून घ्यायचं आणि नंतर कमी पैसे मिळाले म्हणून ते राबणं मोजायचं नाही. पण समितीसमोर माझं मत चालणार नाही, कागद चालतील. प्रत्येक वर्षाचा नेमणूक आदेश, विद्यापीठाचं मान्यतापत्र, आठवड्याच्या तासिकांचा कार्यभार लिहिलेला प्राचार्यांचा दाखला आणि मानधन जमा झाल्याचा बँकेचा उतारा. मान्यतापत्र नसलेलं वर्ष बहुतेक वेळा गेलंच म्हणून समजा. प्राचार्य बदलायच्या आत मागून घ्या. नवे प्राचार्य जुन्या वर्षांचा दाखला द्यायला कां-कूं करतात.

आणखी एक. २०१८च्या नियमावलीप्रमाणे हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीवर. मात्र महाराष्ट्राने आपल्या विद्यापीठांच्या भरतीत अलीकडे गुणभाराची पद्धत बदलली आहे. जाहिरातीत ज्या शासन निर्णयाची तारीख दिली असेल तो शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि हिशेब त्यावर करा, माझ्या बेरजेवर नाही.

कोणता अर्ज करावा? दोन्ही करा, पण जीव महाविद्यालयाच्या जागेत लावा. ती पहिल्या डब्यातली आहे, ५७,७०० मूळ वेतनापासून सुरू होते. विद्यापीठातल्या ११ महिन्यांच्या जागेत बाराव्या महिन्यात खंड देतात, तो देण्यामागचा हेतू तुम्हालाही कळतो. तिथे विभागात वावर होईल, पीएच.डी.ला उपयोग होईल, म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या. कायम होईल या आशेवर नको.

मी एका विद्यापीठात वरिष्ठ लिपिक आहे. २००४ साली लागलो. नोकरी करता करता एम. ए. आणि सेट केलं. आता दुसऱ्या विद्यापीठात सहायक प्राध्यापकाची जागा निघाली आहे. वरिष्ठांना न सांगता अर्ज केला आणि निवड झाली की राजीनामा दिला तर चालेल का?

नाही. हे उत्तर मी ठळक छापायला सांगणार होतो.

तुम्ही १ नोव्हेंबर २००५च्या आधी लागलात, म्हणजे जुनी पेन्शन तुमच्या हातात आहे. निवृत्तिवेतनाच्या १९८२च्या नियमांत नियम ४६ आहे : राजीनामा दिला की मागची सेवा बुडते. अपवाद एकच, योग्य परवानगीने दुसऱ्या नेमणुकीवर जाण्यासाठी दिलेला राजीनामा. आपल्याकडे त्याला तांत्रिक राजीनामा म्हणतात. परवानगीचा कागद अर्जाच्या वेळचा हवा, निवड झाल्यानंतरचा नाही. माझ्या टेबलावर अशी एक फाइल चार वर्षं होती. माणूस हुशार, निवड गुणवत्तेवर झालेली, पण अर्ज परस्पर केलेला. सेवा जोडून द्या म्हणून त्याचे अर्जावर अर्ज यायचे आणि प्रत्येक टिपणीवर कुणीतरी लिहायचं, ‘अर्ज योग्य मार्गाने सादर केलेला दिसत नाही.’

तेव्हा अर्ज विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांकडे द्या आणि त्याची पोच घ्या. तो फिरून वेळेत पोचणार नाही हे गृहीत धरा. म्हणून जाहिरात देणाऱ्या विद्यापीठाकडे ऑनलाइन अर्ज भरून ‘आगाऊ प्रत, मूळ अर्ज योग्य मार्गाने’ असं लिहून एक प्रत पाठवा. मुलाखतीच्या दिवशी ना हरकत प्रमाणपत्र हातात हवं. निवड झाली की तांत्रिक राजीनामा, धारणाधिकार (जुन्या पदावरचा हक्क) आणि वेतन संरक्षण या तिन्ही गोष्टी एकाच अर्जात मागा आणि आदेश हातात आल्यावरच कार्यमुक्त व्हा. निरोप समारंभ आधी आणि आदेश नंतर, असं करू नका.

एक खाजगी सल्ला देतो, आवडला नाही तर सोडून द्या. तुमच्याच विद्यापीठात कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव ही पदोन्नतीची वाट आहेच. मुलाखतीत जाण्याआधी शिकवण्याची खरंच ओढ आहे की लिपिकाच्या खुर्चीचा कंटाळा आलाय, ते एकदा स्वतःशी ठरवा. दुसरं कारण असेल तर वर्गातही कंटाळा येतो.

माझं लग्न २०१९ला झालं. पदवी, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र माहेरच्या नावाने. आधार आणि पॅन सासरच्या नावाने. नॉन-क्रीमीलेयर नवऱ्याच्या उत्पन्नावर काढायचं का? अर्ज कोणत्या नावाने भरू?

भरतीत मुलींचे जेवढे अर्ज कागदपत्रांवर बाद होतात, त्यांत हे कारण पहिल्या तिनात येईल.

नॉन-क्रीमीलेयर आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरतं, नवऱ्याच्या उत्पन्नावरून नाही. तलाठ्याकडे किंवा सेतू केंद्रात कुणी नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर त्यांना हे शांतपणे सांगा. तसं काढलेलं प्रमाणपत्र पडताळणीत टिकत नाही. प्रमाणपत्राची वैधता कुठपर्यंत आहे ते त्यावरच लिहिलेलं असतं. जाहिरातीत जी तारीख धरली असेल, बहुधा अर्जाची शेवटची, त्या दिवशी ते जिवंत हवं.

अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने भरा आणि ‘नावात बदल आहे का’ या रकान्यात हो म्हणून नवं नाव लिहा. जोडीला विवाह नोंदणीचा दाखला. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर आता काढून ठेवा, पुढे सेवापुस्तकाच्या पहिल्या पानापासून ते लागणार आहे. आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. एका बाईंचा अर्ज फक्त इंग्रजी आडनावात एक ‘ए’ जास्त होता म्हणून दोन बैठका मागे पडलेला मला आठवतो. बैठकीत सगळे म्हणत होते की ही तीच बाई आहे, आणि तरी कुणी सही करायला तयार नव्हतं.

जळगावहून : एम. एस्सी. केमिस्ट्री झालं. विद्यापीठाच्या विभागात ‘कनिष्ठ संशोधन छात्र, थेट मुलाखत’ अशी जाहिरात आहे. दरमहा ३७,००० लिहिलं आहे. ही सरकारी नोकरी धरायची का? यात पीएच.डी. होते का?

नोकरी नाही, छात्रवृत्ती आहे, आणि ती तिसऱ्या डब्यातली. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३पासून हा दर ३७,००० केला. दोन वर्षांनी वरिष्ठ छात्र झालं की ४२,०००. घरभाडं त्यावर वेगळं. नेट किंवा गेट नसेल तर सहसा दुसऱ्या नावाचं, कमी मानधनाचं पद देतात, म्हणून पात्रतेची ओळ दोनदा वाचा. नेटमधून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, आणि प्रकल्पातली जेआरएफ यांची नावं सारखी असली तरी गोष्टी दोन आहेत : पहिली तुमच्याबरोबर फिरते, दुसरी प्रकल्पाला चिकटलेली असते.

पीएच.डी.ची नोंदणी आपोआप होत नाही. तिच्यासाठी विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, किंवा जून २०२४पासून नेटचे गुण, आणि गाइडकडे जागा रिकामी हवी.

मुलाखतीला विषयाची तयारी तर कराच, पण शेवटी ‘काही विचारायचंय का’ असं म्हणाले की गप्प बसू नका. प्रकल्प कोणत्या तारखेला संपतो ते विचारा. तीन वर्षांच्या प्रकल्पातली दोन वर्षं अनेकदा उलटून गेलेली असतात. आधीचा छात्र सोडून गेला म्हणून जाहिरात असते. मग विचारा, चालू वर्षाचा हप्ता आला का. पैसे हप्त्याने येतात आणि मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. ते प्रमाणपत्र विभागातून लेखा विभागात, तिथून लेखापरीक्षकाकडे आणि परत असं फिरतं. चार-पाच महिने पगार नाही म्हणून माझ्याकडे रडत आलेल्या मुलांची गाठ बहुतेक वेळा याच कागदाशी असायची. दिल्लीचा दोष नसायचा, फाइल दोन जिने वर अडकलेली असायची. आणि आदल्या छात्राला फोन करून बघा. तो का गेला हे त्याच्याइतकं कुणी सांगणार नाही.

मुलगा जर्मनीत मास्टर्स करतोय, आम्ही सांगलीचे. तो म्हणतो विद्यापीठात ‘हिवी’ म्हणून काम घेतो. व्हिसाला धोका नाही ना? आम्ही त्याला म्हणतोय अभ्यास कर, पैसे आम्ही पाठवू.

हिवी म्हणजे आपल्याकडचा कमवा व शिका, फक्त थोडा विषयाच्या जवळचा. प्राध्यापकाच्या हाताखाली प्रयोगाची मांडणी, गृहपाठ तपासणं, विद्यार्थ्यांचे तास घेणं अशी कामं असतात. बाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४पूर्वी हे १२० आणि २४० होते. आणि विद्यापीठातलं हिवीचं काम या दिवसांत धरतच नाहीत. म्हणजे हॉटेलात भांडी घासण्यापेक्षा हे सर्वार्थाने बरं. घेऊ द्या. त्याच प्राध्यापकाकडे पुढे प्रबंध करायला मिळण्याचा दरवाजा असाच उघडतो.

तुमचा भाचा अमेरिकेत आहे असंही लिहिलंत. त्याचा हिशेब निराळा. तिथे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातलं काम आठवड्याला २० तासांपर्यंत, सुट्टीत पूर्णवेळ. आवाराबाहेर परवानगीशिवाय एक तासही नाही. ओळखीच्या मराठी माणसाच्या पेट्रोल पंपावर ‘नुसतं बसायचं’ असलं तरी नाही.

एका गृहस्थांचा फोन आला. विद्यापीठात कनिष्ठ लिपिकाची ‘आतली’ यादी निघणार आहे, चार लाखांत काम होईल म्हणतात. बिनपैशाचं काही होत नाही असं सगळेच म्हणतात. द्यावेत का?

देऊ नका. आकृतिबंधातल्या जागेला आतली यादी नसते, जाहिरात असते. हे लोक दहा जणांकडून घेतात. त्यातले दोघं आपल्या अभ्यासाने लागतात, त्यांचे पैसे हे ठेवतात, उरलेल्यांना पुढच्या भरतीचं सांगतात. यांनी काहीच केलेलं नसतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. फोन ध्वनिमुद्रित झाला असेल तर तो पुसू नका.

महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या जागेसाठी ‘देणगी’ मागतात, त्याबद्दलही तीन पत्रं आहेत. तिथे मी एवढं शहाणपण शिकवू शकत नाही. मागतात हे मला माहीत आहे, जमीन विकून देणारेही माहीत आहेत. एकाने दिली आणि पद मान्यतेतच अडकलं. त्याच्याकडे पावती नव्हती, कारण अशा पैशाला पावती नसते.

वय ४१, खुला प्रवर्ग. विद्यापीठात लिपिकासाठी अर्ज करू का? मराठी ३०, इंग्रजी ४० टायपिंग आहे, एमएस-सीआयटी आहे.

नाही. खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. आधीच शासकीय किंवा विद्यापीठाच्या सेवेत असाल, माजी सैनिक असाल, दिव्यांग असाल तर जाहिरातीतली सवलतीची ओळ बघा. मानधनावरच्या दुसऱ्या डब्यातल्या जागांना कधी कधी मर्यादा वेगळी असते, त्या जरूर बघा. आणि ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण’मधून कुणी विद्यापीठात चिकटवतो म्हणालं तर ते प्रशिक्षण आहे, भरती नाही. तिथे वयाची अट १८ ते ३५ आहे, म्हणजे तुमच्यापुरता प्रश्नच मिटला.

अपात्र यादीत माझं नाव आलं. कारण एवढंच : ‘अपूर्ण’. काय अपूर्ण ते कुणी सांगत नाही. फोन लावला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’.

साहेब खरंच मीटिंगमध्ये असतील. भरतीच्या काळात आम्ही जेवतही तिथेच होतो.

यादीखाली आक्षेपाची मुदत असते, ती आधी पाळा. साध्या कागदावर अर्ज क्रमांक, पदाचं नाव, जाहिरातीतला अनुक्रमांक आणि ‘कोणते कागद अपूर्ण आहेत ते कळवावे’ एवढंच लिहा. अन्याय, षड्यंत्र हे शब्द नकोत. ते वाचून टिपणी लिहिणारा सावध होतो आणि उत्तर आणखी मोघम देतो. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या. ईमेल करायची असेल तर तीही करा, पण शिक्क्याची बरोबरी तिला नाही.

मुदतीत उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र ‘अ’ भरा, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. ‘मला का डावललं’ असं विचारू नका. का हा प्रश्न तिथे चालत नाही, कागद मागायचा असतो. ‘अमुक अर्ज क्रमांकाच्या छाननी तक्त्याची छायांकित प्रत’ असं मागा. ३० दिवस. त्या तक्त्यात तुमच्या नावापुढे प्रत्येक कागदाचा एक रकाना असेल आणि त्यातल्या एकात फुली असेल. माझ्या अनुभवात ती फुली बहुतेकदा ऑनलाइन अर्जाची सही केलेली छापील प्रत मुदतीत न पोचल्याची असते. शेवटच्या दिवशी स्पीड पोस्ट केलेली प्रत ‘पाठवली’ असते, ‘पोचलेली’ नसते. आवकचा शिक्का पोचल्याच्या तारखेचा पडतो.